पिशव्या पांढऱ्याशुभ्र, पण फळ नाही

अमळनेरकडचा एक शेतकरी धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) दोन पिशव्या घेऊन आमच्या जळगावच्या लॅबमध्ये आला. टेबलावर ठेवत म्हणाला, "भाऊ, बी खोटं शे का मना खोलीमा काही खोट शे?"

पिशव्या बघून मीही चक्रावलो. आतलं कुटार, म्हणजे भुसा, बुरशीने घट्ट बांधलेलं, हिरवा डाग कुठेच नाही, वास चांगला. पण पिनहेड, म्हणजे अळिंबीचा इवलासा अंकुर, एकही नाही. अशा वेळी संशय आधी खोलीवर जातो. उजेड कमी पडला किंवा कार्बन डायऑक्साइड कोंडला, की धिंगरी फळायला कुरकुरते. पण त्याच खोलीत, त्याच मांडणीवर बियाण्याच्या आधीच्या पाकिटाच्या पिशव्या लदबदल्या होत्या. त्याने मोबाईलवर फोटोच दाखवले.

मग तंतूंचा पुंजका काचपट्टीवर घेतला, कॉटन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाकला. निकोप धिंगरीत दोन पेशींमधल्या आडपडद्याशी बाहेरून वळसा घातलेली छोटी कडी दिसते. तिला क्लॅम्प म्हणतात, आणि ती शोधावी लागत नाही. इथे पट्टीमागून पट्टी बघितली, सगळे तंतू सरळसोट!

म्हणजे बुरशी बिनलग्नाची होती. एका बीजाणूपासून वाढलेल्या तंतूत एकाच प्रकारची केंद्रकं असतात. जुळणारा जोडीदार भेटला, की प्रत्येक पेशीत दोन केंद्रकं नांदतात आणि तेव्हाच फळधारणेचा मार्ग मोकळा होतो. ही जुळणी ए आणि बी अशा दोन जनुकस्थानांवर ठरते. दोन्हीकडे फरक हवा. एकाच अळिंबीचे बीजाणू चार प्रकारचे निघतात, त्यांच्या आपसातल्या चार जोड्यांत सरासरी एकीचंच जमतं. आपल्याकडची पत्रिका परवडली.

जोडी जमल्यावरही जनुकांचा पहारा असतोच. पावसाळ्यात वाळक्या फांद्यांवर पंख्यासारखी उगवणारी शिझोफायलम कम्युन ही बुरशी घ्या. २०१० मध्ये तिचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, प्रसिद्ध झाला. तिच्यातलं एफएसटी४ जनुक काढलं तर जोडीची बुरशी वाढते, पण अळिंबी धरत नाही. एफएसटी३ काढलं तर अळिंब्या जास्त आणि लहान येतात. आमची केस इतक्या पुढे पोचलीच नव्हती.

विक्रेत्याला फोन लावला. त्याने बीजाणूंपासून नवं कल्चर काढताना सगळ्यात जोरात पळणारी एकच वसाहत, म्हणजे एकाच बीजाणूची वाढ, उचलली होती. वाढीचा वेग बघून बियाणं निवडायची ही खोड या धंद्यात फार आहे.

शेतकऱ्याला पिशव्या फेकायच्या नव्हत्या. बुरशीशास्त्रज्ञ बुलर यांनी १९३० साली दाखवलं होतं, की जोडीची बुरशी एकट्या बुरशीला आपलं केंद्रक देऊ शकते. म्हणून काही पिशव्या फोडून त्यात चांगलं स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बी, मिसळायला सांगितलं. निम्म्याअधिक पिशव्यांना ट्रायकोडर्माची हिरवी बुरशी लागली, त्या उकिरड्यावर गेल्या. उरलेल्यांवर गुच्छ आले. पुढचं पाकीट त्याने आधी आमच्याकडे तपासायला पाठवलं.