लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बी पॉझिटिव्ह

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या रक्तपेढीत सगळ्यात आधी संपतात त्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवून रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी. लाल पेशींची पिशवी फ्रीजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकते. प्लेटलेट्स मात्र २० ते २४ अंश तापमानाला, सतत हलणाऱ्या ॲजिटेटरवर ठेवाव्या लागतात आणि तरीही जेमतेम ५ दिवस चालतात. वसुबारसेला घेतलेली पिशवी भाऊबीज गाठेल न गाठेल.

त्यात हा काळच असा. पाऊस सरता सरता डेंग्यूचे पेशंट वाढलेले असतात. कॉलेजं बंद, ऑफिसं ओस, चाकरमानी गावाला. नवरात्रात मंडळाच्या शिबिरात ज्यांनी रक्त दिलं, त्यांच्याकडून प्लेटलेट्स घ्यायला मध्ये २८ दिवस जावे लागतात, आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तेवढे दिवस होत नाहीत. वॉर्डातल्या मुलांच्या केमोला मात्र सुट्टी नसते. मी परळला लहान मुलांच्या रुग्णालयात तंत्रज्ञ आहे. ही सगळी ओढाताण दर वर्षी बघते, आणि दर वर्षी तितकीच घाबरते.

त्या लक्ष्मीपूजनाला सकाळी वॉर्डातून फोन आला. सहा वर्षांचा मुलगा, रक्ताचा कॅन्सर, उपचाराचा पहिलाच महिना. प्लेटलेट काउंट ८ हजार, पहाटेपासून नाकातून रक्त येतंय. निरोगी माणसाचा काउंट दीड लाखाच्या वर असतो. १० हजारांच्या खाली गेला की रक्तस्राव नसला तरी डॉक्टर प्लेटलेट्स चढवतात, इथे तर रक्त सुरूच होतं. ग्रुप बी पॉझिटिव्ह. आमच्या ॲजिटेटरवर त्या ग्रुपची एकही पिशवी नव्हती. आजूबाजूच्या पेढ्यांना फोन केले, सगळीकडे तीच स्थिती.

मुलाचे वडील खाली आले. बीडकडचे, ऊसतोडीला जाणारे. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली, टोळी निघायच्या बेतात, आणि हे दुखणं उपटलं. बायको गावी तान्ह्या पोरीजवळ, हे इथे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. म्हणाले, "ताई, माझं घ्या की. माझा बी तोच ग्रुप हाय. मला काय बी होत न्हाई." मी त्यांना काट्यावर उभं केलं. ४६ किलो. मशीनवर प्लेटलेट्स द्यायला किमान ५० किलो वजन लागतं. ते उतरले, चपला काढल्या, खिशातला मोबाईल आणि किल्ली टेबलावर ठेवली आणि परत उभे राहिले. वजन काढताना लोक जड वस्तू खाली ठेवतात, तशी त्यांना सवय असावी. वजन वाढायला हवं होतं हे त्यांना सांगताना माझा आवाज बसला.

वर वॉर्डात दिवाळीची गर्दी होती. लोक मनापासून येतात. फराळाचे डबे, टेडी बेअर, फुलं घेऊन येतात, आणि सिस्टरना दारातच बरंचसं परत करावं लागतं. पांढऱ्या पेशी घसरलेल्या मुलांना बाहेरचं खाणं, ताजी फुलं, केसाळ खेळणी चालत नाहीत. स्टिरॉइडमुळे या मुलांना भूक इतकी लागते की चकलीचा वास आला तरी रडतात. येण्याआधी वॉर्डात एक फोन करून काय हवंय ते विचारलं, तर कितीतरी मुलांचा जीव तळमळायचा वाचेल.

एक तरुण मात्र दर दिवाळीला बरोबर तेच आणतो. सीलबंद रंगपेटी आणि कोऱ्या चित्रकलेच्या वह्या. वयाच्या सातव्या वर्षी तो याच मजल्यावर होता. अडीच वर्षं उपचार घेतले. आता एसी दुरुस्तीचं काम करतो, लालबागला राहतो. सिस्टरकडून त्याला कळलं की बी पॉझिटिव्ह हवंय. त्याचाही ग्रुप तोच. तो धावतच जिना उतरून आमच्याकडे आला आणि फॉर्म भरायला बसला. 'कधी कर्करोग झाला होता का' या प्रश्नापुढे त्याने प्रामाणिकपणे 'हो' लिहिलं.

नियमात याला सूट नाही. कर्करोग होऊन गेलेल्या माणसाचं रक्त आपल्याकडे घेत नाहीत, तो कितीही वर्षं ठणठणीत असो. रुग्णाच्या सुरक्षेसाठी तो नियम आहे आणि मला तो मान्य आहे. पण त्याला समोर बसवून हे सांगणं फार जड गेलं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग मोबाईलमध्ये एक फोटो उघडून माझ्यापुढे धरला. त्याच्या आईची वही. दोनशे पानी, कोपरे दुमडलेली. निळ्या शाईत तारखा, ताप, काउंट, आणि प्रत्येक तारखेपुढे 'लाल पि.' किंवा 'पिवळी पि.' लाल म्हणजे रक्त, पिवळी म्हणजे प्लेटलेट्स. वॉर्डातल्या आया अजूनही असंच म्हणतात. शेवटच्या पानावर तिने बेरीज मांडली होती: पिवळ्या ३१. "यातल्या एकाचंही नाव आईला माहीत नाही, मॅडम," तो म्हणाला. "मला एक तरी परत करायची होती."

मी त्याला म्हणाले, "तुझी नको. पण माणूस आण."

बाकावर बसून त्याने फोन लावायला सुरुवात केली. घरोघरी पूजेची तयारी चाललेली, तरी तासाभरात तीन मित्र आले. एकाने नुकताच दंडावर टॅटू काढला होता, तो बाद. दुसऱ्याने नवरात्रात रक्त दिलेलं, तोही बाद. तिसरा भाऊच्या धक्क्यावरून मासळीचा टेम्पो चालवणारा. वजन ७४ किलो, तीन दिवसांत ॲस्पिरिनची गोळी नाही, कोपरातली नस नुसत्या नजरेला दिसणारी. ग्रुप, काउंट आणि एचआयव्ही, कावीळ वगैरे सगळ्या चाचण्या सुईआधी कराव्या लागतात, त्यात दुपार गेली. काउंट २ लाख ६० हजार निघाला. मी मनातल्या मनात हात जोडले.

मशीन एका नसेतून रक्त घेतं, फिरवून प्लेटलेट्स बाजूला काढतं आणि उरलेलं परत देतं. असं करत सव्वा तास लागला. रक्त गोठू नये म्हणून जे द्रावण मिसळतात, त्याने ओठांना मुंग्या येतात. त्याला आल्या तशी कॅल्शियमची गोळी दिली. त्याचा फोन सारखा वाजत होता. शेवटी मी तो त्याच्या कानाला लावला. आई विचारत होती, पूजेला कोण बसणार. "धाकट्याला बसव," तो म्हणाला, "मी आलो की नमस्कार करतो."

पिशवी भरली. नेहमीप्रमाणे ती उजेडापुढे धरून हलवली. चांगल्या प्लेटलेट्स असल्या की त्या पिवळट द्रवात रेशमाच्या कापडासारखी झळाळती वलयं फिरतात. फिरली. या मुलांची प्रतिकारशक्ती केमोने खचलेली असते, म्हणून पिशवीला रेडिएशन देऊन मगच पाठवतो. सहा वाजून गेल्यावर मावशी ती घेऊन वर गेल्या. मशीनवर घेतलेली अशी एक पिशवी साध्या रक्तदानातून निघणाऱ्या पाच-सहा पिशव्यांच्या बरोबरीची असते. रात्रीच्या आत नाकातलं रक्त थांबलं.

रक्त कुणाचं कुणाला गेलं हे आम्ही सांगत नाही. पण बाकावर दिवसभर शेजारी बसलेल्या माणसांना सांगावं लागत नाही. वडील त्या टेम्पोवाल्याजवळ गेले आणि त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताला नुसता हात लावून उभे राहिले. एसीवाला शेजारीच होता. त्याच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्हाला बी झालं व्हतं म्हनं?" तो हो म्हणाला. मग पुढे कितीतरी वेळ ते त्याला एकेक प्रश्न विचारत राहिले: केस परत कधी आले, शाळेत कितवीत घातलं, धावता येतं का.

पाडव्याला सकाळी मुलाचा काउंट ४४ हजार आला. केमो चालू असल्याने तो पुन्हा घसरणार हे आम्हाला ठाऊकच होतं. प्लेटलेट्स पुन्हा द्यायला ४८ तास जावे लागतात, आणि मलाही त्याच माणसाला लगेच बोलवायचं नव्हतं. पण एसीवाल्याने तोवर कामावरच्या दोघांची नावं दिली होती, दोघंही बी पॉझिटिव्ह. त्यातल्या एकाचा मला फोन आला. भाऊबीजेला बहिणीकडे डोंबिवलीला जायचं होतं.

"सकाळी आठला आलो तर अकरापर्यंत सोडाल ना, ताई?"

मी म्हणाले, उपाशी येऊ नको, भरपूर पाणी पी, आणि चाचण्यांसाठी नमुना आज संध्याकाळीच देऊन जा, म्हणजे उद्या वेळेवर सुटशील.

"येतो," तो म्हणाला.