पासष्ट सेंटिमीटर

"पेपर झकास दिसतोय बगा म्याडम. फकस्त काम दिसंना."

चष्मा देऊन पाचवा दिवस होता. मामांनी तो डबीतून काढला, फडक्याने पुसला आणि काड्या मिटून काउंटरवर माझ्या बाजूला सरकवला. गिऱ्हाईक भांडायला आलं की मला तोंड उघडायला सुचतं. इतकं सांभाळून कुणी वस्तू परत आणली, की काय बोलावं कळत नाही.

इचलकरंजीत माझं चष्म्याचं दुकान आहे. ऑप्टोमेट्री शिकले, दोन वर्षं एका डोळ्यांच्या दवाखान्यात उमेदवारी केली आणि मग इथेच बसले. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून इथली घरंच्या घरं खडखडाटात जगतात. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले सहा-सात जण मागाशी कुठे ना कुठे बांधलेले असतात. कुणी माग चालवतो, कुणी कांड्या भरते, कुणी कापड तपासते. मामा वहिफणीचे.

बाहेरगावच्या वाचकाला हे काम सांगायला हवं. सायझिंगहून, म्हणजे सुताला खळ लावतात तिथून, बीम नावाचा मोठा रूळ येतो, त्यावर सुताच्या चार-पाच हजार तारा गुंडाळलेल्या असतात. त्यातली प्रत्येक तार आधी वहीच्या, म्हणजे मागावर तारा वर-खाली उचलणाऱ्या चौकटीच्या, बारक्या डोळ्यातून आणि मग फणीच्या दोन दातांमधून ओवून घ्यायची. बीमच्या मागे एक जण बसून तारा पुरवतो, पुढे बसलेला हुकाने त्या ओढून घेतो. मागे मामी, पुढे मामा, अशी यांची जोडी वीसेक वर्षांची. एक तार चुकीच्या घरात गेली तर कापडावर लांबच्या लांब रेघ पडते. ती रेघ दिसली की बोलणी खायची, आणि तार उसवून पुन्हा भरायची ती फुकट.

मामांचं वय एकोणपन्नास. पहिल्यांदा आले तेव्हा खिशात बाजारातला तयार चष्मा होता, दीडशे रुपयांचा. विकणाऱ्याने बारीक अक्षरांचं कार्ड दाखवलं, मामांना अडीच नंबरात सगळ्यात मोठं दिसलं, म्हणून त्यांनी अडीच घेतला. तो लावला की तासाभरात डोकं धरायचं. "चष्मा म्हंजे असंच असतंय म्हणून दोन म्हैने काढलं," असं ते म्हणाले. म्हणजे मापून केलेला चष्मा त्यांनी आयुष्यात घातलाच नव्हता. बजेट सातशे रुपये, आणि ते त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. मला अशी माणसं आवडतात. आकडा कळला की माझंही डोकं नीट चालतं.

तपासलं. उजव्या डोळ्याला लांबचा नंबर शून्य. डाव्याला मात्र अधिक अर्धा आणि त्यावर एकचा वजा सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेला लागणारा नंबर, नव्वद अंशावर. या सिलिंडरमुळे उभ्या रेषा आडव्या रेषांपेक्षा पुसट दिसत होत्या, आणि फणीचे दात तर सगळे उभेच. बाजारातल्या चष्म्यात दोन्ही भिंगं सारखी असतात, त्यात सिलिंडर कुठून येणार? शिवाय मामांच्या बाहुल्यांमधलं अंतर कमी. जवळ बघताना ते मी पंचावन्न मिलिमीटर मोजलं, आणि त्या तयार चष्म्याच्या भिंगांचे मध्य होते चौसष्टवर. भिंगाच्या मधून न बघता आतल्या कडेने बघितलं, की डोळ्यांना उगाच जास्त आत वळावं लागतं. डोकं दुखायचं ते यामुळे. वाचायला कधीमधी लावणाऱ्याचं अशा चष्म्यावर भागतं, माझ्या आईचंही भागतं. रोज दहा तास तारा मोजणाऱ्याचं भागत नाही.

मग सातशे रुपयांचा हिशेब. माझ्या धंद्यात गिऱ्हाईक फ्रेमपासून सुरुवात करतं, आणि दुकानदारालाही ते सोयीचं जातं. मी उलटं करते. तपासणीचे शंभर आधी बाजूला. मग काच. (प्लास्टिकची असली तरी आपल्याकडे तिला काचच म्हणतात.) साधी, एकाच नंबराची, ओरखडे कमी पडावेत म्हणून हार्ड कोट केलेली जोडी तीनशेला. काचेवरची चमक घालवणारा कोट हवा असेल तर साडेतीनशे वर. रात्री गाडी चालवणाऱ्याला मी तो आग्रहाने देते. पण मागाच्या शेडमधली उष्णता, घाम, तूस आणि शर्टाच्या टोकाने पुसायची सवय या सगळ्यात स्वस्तातला कोट वर्षभरही टिकत नाही. सोलत गेला की काचेवर पोपडे आल्यासारखे डाग पडतात. मामांना तो घेऊ दिला नाही. काच पातळ करून घेण्याचाही सल्ला कुणीतरी त्यांना दिला होता. मामांच्या जवळच्या पावणेदोन नंबराला पातळ काच म्हणजे पैशांचा धूर. ती सहा-सात नंबरवाल्यांनी घ्यावी, आणि त्यांनीही आधी फ्रेम लहान निवडून बघावी. फ्रेम लहान असली की वजा नंबराची जाड कड कापण्यातच निघून जाते, त्याचे पैसे पडत नाहीत.

उरले तीनशे. मामांचा डोळा होता सुप्रावर, म्हणजे वर फ्रेम आणि खाली काच नायलॉनच्या दोऱ्याने अडकवलेली. त्यांच्या मालकांची तशी आहे. मी म्हटलं, "मामा, आयुष्यभर दोरेच ओवताय, चष्म्यालाही दोराच पाहिजे का?" हसले. तो दोरा सैल होतो, तुटतो, आणि काचेची उघडी कड टवकते. धातूच्या फ्रेमच्या नाकाच्या गाद्यांमध्ये तूस आणि घाम साचून हिरवट राप चढतो. शेवटी पूर्ण कडेची, हलकी, प्लास्टिकची काळी फ्रेम काढली, दोनशे ऐंशीची. काडीच्या आत ४८-१८-१४० छापलं होतं. काचेची रुंदी, नाकावरचं अंतर आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. हे आकडे बहुतेक फ्रेमवर असतात आणि ते कुणी वाचत नाही. मामांचा चेहरा अरुंद, त्यांना अठ्ठेचाळीसच शोभते. बावन्न घेतली असती तर खाली वाकताच नाकावरून घसरली असती.

सहाशे ऐंशी झाले. वीस रुपये परत दिले. आयजीएम रुग्णालयात जाऊन डोळ्याचा दाब आणि पडदा एकदा तपासून घ्या, असं चिठ्ठीवर लिहून दिलं. चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांनाच देते. मी खुशीत होते. एवढा नेटका हिशेब रोज जमत नाही.

आणि पाचव्या दिवशी हे.

आधी मी चष्मा यंत्रावर लावून नंबर पडताळला. बरोबर. सिलिंडरचा अंश बरोबर. काचांचे मध्य बाहुल्यांवर बरोबर. मग वाचनाचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. मामांनी एन सिक्सची ओळ, म्हणजे औषधाच्या वेष्टनावर असतात तेवढी अक्षरं, घडाघडा वाचली. माझ्या तोंडावर "थोडे दिवस वापरून बघा, सवय होईल" आलं होतं. हे वाक्य आमच्या धंद्यात फार चालतं. पुष्कळदा ते खरंही असतं, आणि पुष्कळदा ते माणसाला दाराबाहेर काढण्यापुरतं असतं.

"काम करताना नेमकं काय होतंय?"

"वाकाय लागतंय. सरळ बसलो की तार धुकाटते."

मग मला उमगलं. कार्ड मी चाळीस सेंटिमीटरवर धरलं होतं. पुस्तकात तेच शिकवलंय, आणि चौदा वर्षं मी सगळ्यांना तिथेच धरत आलेय. मास्तरांना, भटजींना, भाजीवालीला. वहिफणीवाल्याची फणी कुठे असते ते मी विचारलंच नव्हतं. पावणेदोनच्या भिंगातून जास्तीत जास्त सत्तावन्न सेंटिमीटरपर्यंत लख्ख दिसतं, हे गणित मला झोपेतही येतं. पण दुसरं अंतर माहीत नसेल तर गणित करून काय उपयोग?

"उद्या फणी घेऊन या," मी म्हणाले. त्यांना आधी थट्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं आली. मामांच्या खांद्यावर तांदळाचं पोतं, त्यात जुन्या फणीचा हातभर तुकडा, वहीच्या दहा-बारा तारा, हुक आणि सुताची गुंडी. फणी बांधायला जागा शोधता शोधता आरशाचा स्टँडच सापडला. मामांनी माझा चपला काढायचा पाट ओढून घेतला. मामी स्टँडच्या मागे मांडी घालून बसल्या आणि कुणी न सांगताच सूत सोडवू लागल्या. दुकानात कॉलेजच्या दोन मुली फ्रेम बघत होत्या, त्या फ्रेम सोडून हे बघत उभ्या राहिल्या.

मामांनी हुक घातला. मागून तार आली, हुकात अडकली, पुढे निघाली. दुसरी. तिसरी. मी शिंप्याची टेप घेतली आणि मामांच्या भुवईपासून फणीपर्यंत धरली. पन्नास.

"असंच बसता रोज?"

"न्हाई वो," मागून मामी म्हणाल्या. "ह्या चष्म्यापायी डोकं फणीला टेकाय आलंय. आदी ताठ बसायचं."

"चष्मा काढा. डोळे मिटा. आधी बसायचात तसे बसा, हात फणीला लावा."

मामांनी डोळे मिटले. पाठ मागे गेली, खांदे खाली उतरले, आणि हात मात्र न चाचपडता बरोबर फणीवर गेला. टेप धरली. पासष्ट. पुन्हा मोजलं, चौसष्ट. पंधरा सेंटिमीटर मी त्यांना रोज दहा तास वाकवलं होतं, आणि सहाशे ऐंशी रुपये घेऊन.

ट्रायलच्या पेटीतून वजा अर्ध्याची दोन भिंगं काढली आणि त्यांनी चष्मा परत घातल्यावर वरून धरली. पावणेदोनातून अर्धा गेला, राहिला सव्वा. सव्वाला ऐंशी सेंटिमीटरपर्यंत रान मोकळं. मामा पाठ न वाकवता दातांकडे बघत राहिले. मग काही न बोलता हुक चालवायला लागले. माझे दोन्ही हात त्यांच्या चेहऱ्यासमोर भिंगं धरून अवघडले, तरी पंधरा-वीस तारा होईपर्यंत मी हलले नाही.

"आता पेपर?" मी कार्ड पुढे केलं.

त्यांनी ते थोडं लांब धरून वाचलं. "एवडं चालतंय की. पेपर कोन दहा तास वाचतंय?"

दुहेरी काचेचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता, खोटं कशाला सांगू. वर एक नंबर, खाली एक. पण खालच्या चकतीतून बघायला नजर खाली उतरावी लागते, आणि फणी असते थेट समोर. त्यांनी मान मागे टाकून काम केलं असतं. आज पाठ, उद्या मान. प्रोग्रेसिव्हची, म्हणजे वरून खाली हळूहळू नंबर बदलत जाणाऱ्या काचेची, गोष्टच सोडा, ती सातशेत बसत नाही.

काचा नव्या कराव्या लागणार होत्या. घासून बसवलेल्या काचेचा नंबर बदलता येत नाही. मामांनी खिशात हात घातला तसा मी तो धरला. "चूक माझी आहे, मामा." ते थोडे अवघडले. चुकल्या तारेचे पैसे ज्याला कधी कुणी दिले नाहीत, त्याला हे नवीन असावं. कोल्हापूरहून काचा यायला दोन दिवस लागणार होते, तोवर याच काचांवर काम चालवा म्हटलं.

हे सगळं बोलणं चालू होतं तेव्हा मामी उठून फ्रेमच्या रॅककडे गेल्या होत्या. मी मघाशी त्यांना विचारलं होतं, तुमचेही डोळे बघू का म्हणून. तेव्हा हात झटकून म्हणाल्या होत्या, "मला काय झालंय, मी बोटानं बघतो." खरंच, मागे बसून पुरवताना त्या तारांकडे बघतही नव्हत्या. आता मात्र त्यांनी एक तपकिरी-तांबूस फ्रेम उचलून घातली. आरशाला फणी बांधलेली होती, म्हणून त्यांनी फणीच्या दातांच्या फटीतून स्वतःला बघितलं. पदर सारखा केला. मग फ्रेम काढून काडीवरची चिठ्ठी डोळ्यांपासून लांब, चांगली हातभर लांब धरून वाचली. चारशे पन्नास.

"पगारादिवशी येतो," मामांच्या मागून पायरी उतरताना म्हणाल्या. कशासाठी ते बोलल्या नाहीत.

रात्री दुकान बंद करताना फ्रेमा लावत होते. ती तांबूस फ्रेम तिच्या ओळीत नव्हती. सगळ्यात खालच्या फळीवर पुरुषांच्या मोठ्या फ्रेमा असतात, तिथे मागच्या कोपऱ्यात, कुणाच्या हाती लागू नये अशी ठेवलेली होती. मी ती तिथेच राहू दिली.