आधी कोणाचं नाव?

पाकिटावर नावं लिहायला घेतली आणि पेन पहिल्याच अक्षरापाशी अडलं. कार्ड होतं मैत्रिणीच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं. तिचं नाव चार अक्षरी, नवऱ्याचं दोन. दोन्ही क्रमांनी पुटपुटून पाहिलं. त्याचं आधी घेतलं की जोडी ओठांवर पटकन बसते. तिचं आधी घेतलं की शेवटी पायरी चुकल्यासारखं होतं.

हे माझ्याच कानाचं खूळ नाही. द्वंद्व समासासाठी पाणिनीने ‘अल्पाच्तरम्’ असं सूत्रच सांगून ठेवलंय: ज्या शब्दात स्वर कमी, तो आधी. कूपर आणि रॉस या भाषाभ्यासकांनी १९७५ मध्ये इंग्रजीतल्या जोड्यांचा क्रम तपासला, तर तिथेही आखूड शब्दाचीच पुढे जाण्याची घाई. सासू-सासरे म्हणून बघा. आजी-आजोबा. कानाला मानपानाशी देणंघेणं नाही, तो मात्रा मोजतो. मानाचं कलम नंतर पाणिनीच्या सूत्रांवर टिपणं लिहिणाऱ्या कात्यायनाने जोडलं: जो अधिक पूज्य, तो आधी. म्हणून मातापितरौ.

मान आला की भानगडी आल्याच. जुन्या इंग्रजी रिवाजात पाकिटावर ‘मिस्टर अँड मिसेस’ आणि पुढे फक्त नवऱ्याचं नाव-आडनाव. बायको त्या ‘मिसेस’मध्ये गडप. दोघांची नावं लिहायची झाली, तर मात्र तिचं आधी. चला, इथे तरी मान मिळाला म्हणावं, तर कारण भलतंच: नवऱ्याच्या नावाची आणि आडनावाची ताटातूट होऊ नये! मध्ये नको म्हणून तिला पुढे सरकवलेलं. हल्ली कुठलाही क्रम चालतो म्हणे.

नात्यांपुरता हा गुंता मराठीने कधीच सोडवलाय. काका-काकू, मामा-मामी, दादा-वहिनी. पुरुष आधी, असं वाटतं ना? मग मावशी-काका म्हणा. आत्या-काका. ताई-भावजी. ज्याच्याकडून नातं आलं तो आधी, लग्नाने आलेला मागून. यात कोणी कोणाचा अपमान केला, असं कुठल्याच भावजींना वाटल्याचं ऐकलं नाही.

म्हणजे मैत्रीण माझी, तिचं नाव आधी. ठरलं. तरी तिची जुनी कार्डं काढून बसले. कार्डाच्या तळाशी आधी बघायची मला खोड आहे. तिथे लिहिणारा माणूस ओळखू येतो, अक्षर माहीत नसलं तरी. लिहिणारा जोडीदाराचं नाव आधी घालतो आणि स्वतः मागे राहतो. ‘मी आणि ती’ असं लिहिणाऱ्याला आपण लहानपणीच टोकलेलं असतं. या घरून येणाऱ्या कार्डांवर वर्षानुवर्षं त्याचं नाव, मग तिचं, तिच्या गोलगोल अक्षरात.

फक्त गेल्या वर्षीच्या कार्डावर क्रम उलटा होता. तिचं नाव आधी, तिरक्या, जरा घाईच्या अक्षरात. त्याचं खाली. तेव्हा तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता.

पेन उचललं. तिचं नाव ऐसपैस लिहिलं, ‘आणि’सुद्धा. मग लक्षात आलं, तिकिटाआधी जेमतेम बोटभर जागा उरलीय. त्याचं नाव दोनच अक्षरांचं, म्हणून मावलं.