गांधीग्राम ते राजराजेश्वर : खांद्यावरचे १८ किलोमीटर

अंगमेहनतीची कामे मी पुष्कळ केली आहेत. ऑक्टोबरच्या उन्हातली सोयाबीनची सोंगणी, कापसाच्या गाठोड्यांची चढ-उतार, पावसात रुतलेली ट्रॉली ढकलणे, यांपैकी कशाचेही मला नवल नाही. पण अंगातला जीव खरोखरच निघून गेला असे वाटले ते एकदाच, २ सप्टेंबर २०२४ च्या सकाळी, अकोल्यात कावड खांद्यावर असताना, आणि तेही चालताना नव्हे, तर एका जागी उभे असताना. यंदा प्रथमच खांदा लावणार असलेल्या दोघातिघांनी अनुभव विचारला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे ग्रामदैवत राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याचा जलाभिषेक होतो. त्यासाठी रविवारी रात्री कावड मंडळे अकोट रस्त्यावरच्या गांधीग्राम येथे जाऊन नदीतून भरणे, म्हणजे कावडीला बांधलेली पाण्याची भांडी, भरतात आणि सुमारे १८ किलोमीटर अनवाणी चालत जुन्या शहरातल्या मंदिरात येतात. १९४४ साली पावसाने ओढ दिली तेव्हा ही प्रथा सुरू झाली, असे अकोल्यातली जुनी माणसे सांगतात. २०२४ मध्ये श्रावणातला शेवटचा सोमवार आणि पोळा एकाच दिवशी आले होते. त्यामुळे मी घरून निघालो ती संध्याकाळ बैलांचे खांदे शेकण्याची होती. आजी पळसाच्या पानाने बैलांच्या खांद्याला लोणी आणि हळद चोळत होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "बैलाइचे खांदे तं शेकून झाले, तुहा कोन शेकन?" मी हसण्यावारी नेले.

आमची कावड मध्यम आकाराची, ५१ भरण्यांची होती. एका भरण्यात मोजून पाहिले तेव्हा दोन लिटरच्या आसपास पाणी मावले, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन १०० किलोंच्या वर गेले. त्यात तांब्याची भांडी, बांबूचा सांगाडा, दोरखंड, फुलांच्या माळा आणि दिव्यांची बॅटरी धरली तर एकूण भार २०० किलोंच्या घरात जातो. एका वेळी आठ जण खांदा देतात, तेव्हा वाट्याला २५ किलो येतात असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण बांबू सरळ असतो आणि माणसांच्या उंच्या सारख्या नसतात. बुटका माणूस बांबूखाली नुसताच हात लावून चालतो आणि त्याच्या वाट्याचे वजन मुकाट्याने शेजारच्या उंच माणसावर जाते. माझी उंची पावणेसहा फुटांच्या वर असल्याने पहिल्या दोन किलोमीटरांतच मला हे गणित कळले. आठ जणांची जोडणी उंची पाहून करावी, पुढे उंच आणि मागे बुटके अशी नव्हे, तर प्रत्येक आठांचा संच सारख्या उंचीचा, एवढे एक पथ्य पाळले तरी निम्मा त्रास वाचतो. आमच्या मंडळात हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

नदीवर घाई करू नये. श्रावणअखेर पूर्णेला पाणी भरपूर असते, ते गढूळ असते, आणि काठची काळी माती इतकी चिकण की अनवाणी पायाखालून पाऊल कधी सरकेल याचा नेम नाही. भरणे भरण्यासाठी गुडघ्याच्या पुढे जाण्याचे काहीही कारण नाही. पोहता येते म्हणून खोल पाण्यात जाऊन आंघोळ करणाऱ्यांच्या नादी लागू नये. आम्ही साखळी धरून रात्री अकराच्या सुमारास भरणे भरले, तोंडाला फडकी बांधली आणि साडेबाराला कावड उचलली.

पहिले पाच-सहा किलोमीटर आनंदाचे असतात. दोन्ही बाजूंना अंधारात कपाशी आणि तूर, मधूनच एखादी सर, ढोल-ताशा, आणि "हर्र बोला महादेव" या गजराबरोबर पडणारी पावले. कावड खांद्याने नव्हे तर पावलांनी वाहायची असते, हे मला एका पिकल्या केसांच्या काकांनी शिकवले. बांबू लवचीक असल्यामुळे तो प्रत्येक पावलाला खाली-वर होतो. आठही जणांची पावले एकत्र पडली तर बांबू वर जातो त्या क्षणी खांद्याला अर्धा श्वास मिळतो, आणि पावले फुटली की तोच बांबू खांद्यावर हातोड्यासारखा आदळतो. "खांद्यानं नोको उचलू बाप्पा, पायानं चाल," असे काका दर थोड्या वेळाने ओरडत होते. शेजारून एखादा डीजे गेला की ताल बिघडे आणि पुढची दहा मिनिटे खांद्याची सालटी निघत. डीजेविषयीचे माझे मत मी येथे लिहीत नाही. कानात घालायला कापसाचे बोळे मात्र अवश्य ठेवावेत.

माझी पहिली चूक पाण्याची झाली. हा सगळा रस्ता खारपाणपट्ट्यातून जातो, पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातले भूगर्भातले पाणी खारे असते, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. तरीही वाटेत कुठेतरी पाणी मिळेलच या भरवशावर मी बाटली घेतली नाही. वाटेत पाण्याचे आणि फराळाचे स्टॉल पुष्कळ असतात, पण खांद्यावर कावड असताना स्टॉल बाजूने निघून जातो आणि बदली मिळेपर्यंत तो मागे पडलेला असतो. एका हातपंपाचे पाणी प्यालो, ते मचूळ लागले आणि तहान उलट वाढली. त्या दमट रात्री घाम वाळत नव्हता, नुसता गळत होता. अडीच-तीन तास मी दोन कप चहा आणि एका केळ्यावर काढले. उगवा फाट्याच्या पुढे डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी जागच्या जागी बसलो, आणि कावड पडू नये म्हणून मागच्याने माझी जागा अक्षरशः उडी मारून घेतली. त्या क्षणी लाज वाटली, नंतर मात्र भीती वाटली, कारण २०० किलोंची कावड अंधारात एका बाजूला कलंडली असती तर काय झाले असते हे उघड आहे. म्हणून कंबरेला बाटली बांधावी, तिच्यात साखर-मीठ-लिंबाचे पाणी असावे, आणि तहान लागो न लागो, दर बदलीला चार घोट घ्यावेत. गोळा येतो आहे असे वाटताच हात वर करून बदली मागावी. तसे करण्यात कमीपणा नाही.

पहाटे सहाला आम्ही अकोट फैलजवळ पोहोचलो तेव्हा मला वाटले की संपले. साडेपाच तासांत जवळजवळ १५ किलोमीटर झाले होते आणि उरले होते जेमतेम तीन. त्या तीन किलोमीटरांना साडेचार तास लागले.

खरी दमछाक येथे आहे आणि तिची कल्पना कोणी देत नाही. शहरात सगळ्या मंडळांच्या कावडी आणि पालख्या एकामागे एक लागतात, बघ्यांची गर्दी असते, दहा पावले चालायचे आणि वीस मिनिटे थांबायचे असा प्रकार चालतो. चालताना बांबूची उसळी खांद्याला विसावा देते, उभे राहिल्यावर तो विसावाही जातो आणि वजन एकाच जागी रुतून बसते. शिवाय पोटऱ्यांची हालचाल थांबली की रक्त पायांत साचते आणि डोके हलके होते. टिळक रोडवर माझ्या डोळ्यांपुढे दोनदा अंधारी आली. उजव्या खांद्यावरचा नवा कोरा पंचा रात्रभर घासून कातडी गेली होती, तेथे भरण्यातून झिरपणारे पाणी लागत होते आणि प्रत्येक थेंब मोजता येत होता. कोणी काही विचारले तर उत्तर देण्याइतके शब्दही जुळेनात.

त्यामुळे दम शहरासाठी राखून ठेवावा. मंडळात निम्मे खांदेकरी असे असावेत की ज्यांनी पहिल्या दहा किलोमीटरांत कावडीला हात लावलेला नाही. बरोबर लाकडी टेकू घ्यावेत आणि पाच मिनिटांहून अधिक थांबा दिसला की कावड त्यांवर टेकवावी. आमच्याकडे टेकू दोनच होते आणि तेही ट्रॅक्टरमध्ये मागे राहिले होते. उभे असताना टाचा उचलत-टेकवत राहावे. खांद्यावर नवा कपडा कधीही घेऊ नये, जुन्या धुवट लुगड्याची चौपदरी घडी सर्वांत उत्तम. पूर्वतयारीला महिनाभर रोज चालणारे पुष्कळ भेटतात, पण १५-२० किलोंचे पोते खांद्यावर घेऊन अर्धा तास नुसते उभे राहण्याचा सराव कोणी करत नाही. तो करावा. सजावटीची उंची वाढवणाऱ्यांना विजेच्या तारांची आठवण निघण्यापूर्वीच करून द्यावी.

साडेदहाला मंदिरात पाणी पडले. मी पाहिले ते फक्त समोरच्याचा ओला पाठकणा आणि क्षणभर पिंड.

घरी आल्यावर लघवी गडद पिवळी होती. ताक आणि मीठ-लिंबू पाण्याने ती संध्याकाळपर्यंत निवळली. ती चहासारखी तपकिरी झाली आणि अंग असह्य दुखत असेल, तर मात्र घरगुती उपाय न करता तडक दवाखान्यात जावे, कारण अतिश्रमाने स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असते. तळपायांतले खडे सुईने काढायला एक तास लागला. पोळ्यात बैल मिरवायचे होते, पण कासरा धरायला हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून ते काम चुलतभावाने केले. पुढचे दोन दिवस कोणतेही काम ठेवू नये, हे मी आता सर्वांना सांगतो. संध्याकाळी आजीने कालच्या वाटीतले उरलेले लोणी-हळद आणली, सालटे गेलेली जागा सोडून खांद्याला चोळली आणि पळसाचे पान शोधायला ती पुन्हा गोठ्याकडे गेली.