नागपूरजवळची बैलजोडी आणि काटोलकडची अडीच किलोमीटर पांदण

मे महिन्याच्या शेवटी कुही तालुक्यात गेलो तेव्हा १८,००० रुपये गेले आणि जपून ठेवावं असं एक मिनिटही हाती लागलं नाही. जुलैत काटोलकडे गेलो. चार दिवसांचा सगळा खर्च पेट्रोलसकट ७,००० च्या आत झाला आणि साडेअकरा तासांचं चित्रण मिळालं. नागपूरहून कॅमेरा घेऊन शेताकडे निघणारे दरवर्षी वाढताहेत आणि मे महिन्यात मला भेटला तसलाच दलाल त्यांनाही भेटणार आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

मला बैलांचं काम हवं होतं. वखरणी (पेरणीआधी जमीन भुसभुशीत करणं), डवरणी (पिकाच्या ओळींमधलं तण काढणं), बंडी (बैलगाडी), कोठ्यातली (गोठ्यातली) संध्याकाळ. आमच्या घरची शेवटची जोडी विकली गेली तेव्हा कुणी साधा फोटोही काढला नव्हता. २०१२ च्या पशुगणनेत देशभरात गोवंशातले नर पावणेसात कोटींच्या वर होते, २०१९ मध्ये ते पावणेपाच कोटींच्या आसपास आले. सात वर्षांत दहातले तीन गेले. जे उरलेत ते आत्ता टिपले नाहीत तर पुढच्या पिढीला जू कसं बांधतात हे दाखवायला काही राहणार नाही.

नागपुरात शूटिंगसाठी जागा दाखवणारा एक माणूस ओळखीतून मिळाला. "प्युअर गवळाऊ जोडी, जुना वखर, गाडी थेट शेतापर्यंत जाते," असं तो म्हणाला. गवळाऊ ही विदर्भातली देशी गोवंशाची जात. हिशोब असा: जोडीचे ९,०००, हाकणाऱ्याचे २,५००, गावाच्या परवानगीचे ३,०००, पोशाखाचे १,५००, त्याचे स्वतःचे २,०००. सगळं आगाऊ. गाडी शेतापर्यंत जाते हे ऐकूनच मला शंका यायला हवी होती. वखरणीचं खरं शेत रस्त्याला लागून क्वचितच असतं.

बैल आले साडेअकराला, टेम्पोतून. दिसायला देखणे, भुऱ्या रंगाचे, लांबट तोंडाचे, अंगाने सडपातळ. जुवाला लावले आणि वखर जमिनीत धरला, तसे दोघंही उधळल्यासारखे पळायला लागले. पास (वखराचं लोखंडी पातं) जमिनीत रुतेना, वखर वरच्यावर उड्या मारत होता. हाकणाऱ्याच्या डोक्याला दलालाने कोल्हापुरी फेटा बांधला होता. आमच्याकडे उन्हात शेतकरी डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, असा फेटा बांधून कुणी वखर हाणत नाही. बैलांचा मालक धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभा होता. त्याला विचारलं, तर तो मोकळेपणाने म्हणाला, "भाऊ, हे पटाचे बैल हायेत जी. याईले वखर काय मालूम?"

तिथे उलगडा झाला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदाही कायम ठेवला. तेव्हापासून शंकरपट, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यती, पुन्हा जोरात आहेत. पटाच्या जोडीला खुराक वेगळा, सराव वेगळा, तिला वखराला कुणी लावत नाही. गावात देखणी, चमकदार, तयार जोडी दिसली तर ती बहुतेक पटाची असते. कामाची जोडी ओळखायची असेल तर खांदा बघा. जुवाखालची कातडी जाड, काळपट, केस झडलेली असते. या दोघांचे खांदे मऊ होते.

त्याहून वाईट गोष्ट पुढे घडली. दलालाला पैसे वसूल झाल्यासारखं दाखवायचं होतं, म्हणून तो दीडपर्यंत पुन्हापुन्हा फेरे मारायला लावत राहिला. पारा ४४ च्या पुढे होता. उजवीकडच्या बैलाने जीभ बाहेर काढली, तोंडाला फेस आला. मी कॅमेरा बंद केला आणि जू सोडायला लावलं, पण ते अर्धा तास आधी करायला हवं होतं. ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ जनावर कामाला लावायचं नाही, दिवसात एकूण ९ तासांच्या वर नाही, सलग ५ तासांच्या वर नाही. हे मी घरी येऊन वाचलं. तुम्ही जाण्याआधी वाचा. आणि पडद्यावर दाखवायच्या चित्रपटासाठी जनावर भाड्याने आणून त्याच्याकडून काम करून घ्यायचं असेल, तर २००१ चे वेगळे नियम आहेत. त्यासाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. दलालाने यातला एक शब्दही सांगितला नव्हता.

निघताना मालकाने सांगितलं की ९,००० पैकी त्याच्या हातात २,००० पडले. गावाच्या परवानगीचे ३,००० कुणाला मिळाले हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. माझा निकाल साधा आहे: दलालाला एक रुपया देऊ नका. जोडीचं भाडं शेतकऱ्याच्या हातात द्या. काटोलकडे मला डवरणीला माणसासकट जोडीचे दिवसाला १,५०० सांगितले, आणि ज्यांच्याकडे मी थांबलो त्यांनी तेही घेतले नाहीत, कारण काम त्यांचंच चाललं होतं, मी फक्त बघत होतो.

काटोल नागपूरहून साठेक किलोमीटर, रस्ता चांगला. संत्र्याच्या बागा, मग कापूस, मग गाव. इथवर सांगण्यासारखं काही नाही. गावाचं नाव लिहीत नाही, ज्या शेतकरी काकांकडे थांबलो त्यांनी तसं सांगितलंय. पण कापसाच्या पट्ट्यातल्या बहुतेक गावांत हीच परिस्थिती मिळेल, आणि तीच पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी कच्ची वाट.

पांदणीबद्दल नीट ऐका. शाळेपासून शेतापर्यंत अडीच किलोमीटर, दोन्ही बाजूंनी बोरीबाभळी, मध्ये ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. आदल्या रात्री पाऊस झाला होता. पहिल्या शंभर पावलांत काळी माती बुटाला इतकी चिकटली की एकेका पायाचं वजन दीड-दोन किलो झालं. चाकोरीत पाय घातला तर पोटरीपर्यंत आत, काठावरून गेलं तर काटे. साडेसातशे ग्रॅमची लेन्स खांद्यावर दगडासारखी वाटायला लागली. नाल्याजवळ पन्नासेक मीटरचा तुकडा आहे, तिथे खाली घट्ट जमीन लागतच नाही. माझ्या ट्रेकिंगच्या बुटाचा तळ तिथेच निघाला. शेतात पोचायला एक तास चाळीस मिनिटं लागली आणि तोवर काकांचे चार फेरे झाले होते. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. परतताना अंगात त्राण राहत नाही आणि नाल्याचा तो तुकडा दिवसातून दोनदा लागतो.

महागडे बूट आणू नका. प्लास्टिकचे पावसाळी बूट चालतात, गमबूट रुतून बसतो. वाटेत माती खरवडायला हातात काठी किंवा विळा ठेवा. सामान अर्धं करा. गिंबल घरी ठेवा. ट्रायपॉडचे पाय ओल्या काळ्या मातीत बुडतात, पायांखाली घालायला बारदाना न्या. बॅटऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, कारण पाऊस न सांगता येतो. गाडीच्या चारही चाकांना ताकद असली तरी ती पांदणीत घालू नका. एक अडकलेली गाडी मी पाहिली आणि ती काढायला शेवटी बैलच आणावे लागले.

पण शेतात पोचलो आणि मे महिन्याचा सगळा कडूपणा गेला. कापूस गुडघ्याला लागायच्या बेताचा. एका जुवाला दोन डवरे, एक काकांच्या हाती, एक त्यांच्या धाकट्या भावाच्या. बैलांच्या तोंडाला सुतळीची मुसकी, नाहीतर ते चालता चालता पीक खातील. पाऊल अगदी तासात (पिकाच्या दोन ओळींमधल्या जागेत) पडतं, एक रोप मोडत नाही. वाफसा येण्याआधी ट्रॅक्टर या मातीत घातला तर तो फसतो आणि पीक वाढलं की ओळीतून जातही नाही, म्हणून इथे जोडी अजून आहे. मी धुऱ्यावर बसलो आणि दोन तास कॅमेरा हलवलाच नाही.

उन्हाची तिरीप पांढऱ्या बैलावर यावी म्हणून मी जोडीची बाजू बदलता येईल का असं विचारलं. काका थांबले. "नाही जमत बाबू. हा लहानपणापासून उजवीकडेच चालला. डावीकडे लावला तर पाऊलच टाकत नाही." मग मीच शेताच्या दुसऱ्या टोकाला गेलो. कॅमेरा फिरवा, बैल फिरवायला सांगू नका.

फेरा संपला की काका डवरा उलटा करत आणि तुतारीच्या (बैल हाकायच्या काठीच्या) मागच्या टोकाने पासेवरची माती आणि गवत खरवडत. लोखंडावर लाकडाचा तो कर्रकर्र आवाज, मग पास स्वच्छ दिसते, मग पुन्हा "चल रे सोन्या". दहा वाजता जू उतरवलं तेव्हा त्यांनी आधी उजव्या बैलाच्या खांद्यावरून तळहात फिरवला, बोटं दाबून पाहिली. खांदा आला, म्हणजे सुजला, की आठवडाभर जोडी बसते आणि तेवढ्यात तण वर येतं. मग त्याच हाताने हळद-तेल चोळलं. बैलाने डोळे अर्धे मिटले. हे चाळीस सेकंदांचं चित्रण माझ्याकडचं सगळ्यात मोलाचं आहे आणि ते कुणी सांगून मिळालं नसतं.

आवाजाकडे लक्ष द्या. चित्र फोनवरही येतं, पण माणूस बैलाशी काय बोलतो ते वाऱ्यात हरवतं. माइकला केसाळ कव्हर लागतंच. मी छोटा माइक काकांच्या अंगातल्या बंडीच्या खिशात लावला, तेव्हा त्यांचं चार तासांचं बोलणं मिळालं. त्यात पावसाबद्दलची तक्रार होती, मुलाच्या फीचा विषय होता, आणि हे सगळं ते बैलांनाच सांगत होते. ड्रोन आणूच नका. तिसऱ्या दिवशी माझ्या मित्राने उडवला, सोन्या बिथरला आणि अर्ध्या तासात सत्तर-ऐंशी रोपं मोडली. त्याचे पैसे आम्ही दिले, पण काकांचा चेहरा विसरता येत नाही. चांदीसारखा चमकणारा रिफ्लेक्टरही नको.

वेळ सांगतो. सहाला जुंपतात, दहा-साडेदहाला सोडतात, पुन्हा तीननंतर. मधल्या वेळेत बैलांसोबत माणसालाही झोपू द्या, मुलाखतीचा आग्रह धरू नका. काकूंनी दिलेली भाकर, झुणका आणि ठेचा खाऊनच मी चार दिवस काढले.

पोळ्याला परत गेलो, २०२५ मध्ये तो २२ ऑगस्टला होता. खांदेशेकणी (आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकणं), "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या", तोरण, झडत्या (पोळ्यात म्हणायची गाणी), सगळं छान झालं. पण तिथे प्रत्येकाच्या हातात फोन असतो, डीजेत काही ऐकू येत नाही, आणि बैल त्या दिवशी काम करत नाहीत. एकदा जरूर बघा, पण फक्त तेवढ्यासाठी नागपूरला यायची गरज नाही. यायचंच असेल तर तारीख बघून तिकिटं काढा, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे पोळा सप्टेंबरात जातो. गवळाऊ जात नीट बघायची असेल तर वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्र आहे, आधी पत्र देऊन जा.

चित्रणाची प्रत शेतकऱ्याला द्या, पेनड्राइव्हमध्ये, टीव्हीला लावता येईल अशी. काकांनी पहिल्यांदा लावलं तेव्हा घरातली पाच माणसं आणि शेजारचे चौघं बसले होते. खांद्यावर हात फिरवण्याचा तो भाग त्यांनी तीनदा लावला. दिवाळीनंतर जोडी विकायची त्यांनी ठरवलीय, मजूर मिळत नाही आणि भाऊ नागपूरला नोकरीला चाललाय.

कापूस भरलेली बंडी माझ्याकडे अजून नाही. वेचणी सुरू झाली की काका फोन करणार आहेत. तोवर पांदण वाळलेली असते.