खान्देशात भरीत खायला जाताय? मग तेलाला घाबरू नका

पुण्यात भरीत म्हणजे गॅसवर भाजलेलं वांगं, वरून दही नि फोडणी, एवढंच आपल्याला माहीत. डिसेंबरात मित्राच्या मामांनी शेतात भरीत पार्टीला बोलावलं, म्हणून रात्री महाराष्ट्र एक्सप्रेसने निघून सकाळी भुसावळला उतरलो, तिथून तापी ओलांडून बामणोदच्या बाजूला.

उतरल्या उतरल्या शेवभाजी मागवायची चूक करू नका, आम्ही केली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर लालभडक तर्री, आणि मी शहाण्यासारखा चमच्याने तर्री काढून वाटीत ठेवत बसलो. वेटर नुसता बघत होता. शेव आधीच रस्श्यात घालून आणली तर तिचा लगदा होतो, त्यामुळे वेगळी मागा आणि खाताना थोडी थोडी टाका.

शेतात पोचलो तर वांगी आधीच भाजायला टाकलेली. ही वांगी जांभळी नाहीत बरं का, हिरवी, मोठाली, बिया कमी, याच जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. भाजायची ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, आणि तो धूर आत मुरतो ना, तीच खरी चव. मग साल काढून लाकडी भांड्यात लाकडानेच ठेचायचं, हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून, कांद्याची पात, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, नि फोडणीला हात सैल. लाल तिखट नाही, गरम मसाला नाही, टोमॅटो तर नावाला नाही.

सोबत पुऱ्या होत्या, पण मामी म्हणाल्या कळण्याची भाकरी खाऊन बघा. ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ, त्यात मीठ. दिसायला राखाडी, पहिला घास मला खरं सांगू तर कसातरीच लागला, उडदाचा उग्र वास आणि घशाला कोरड. मी पाण्याचा तांब्या शोधतोय तोवर मामा म्हणाले, "आरे भो, कोरडी भाकर गिळशीन कशी, तेल घे ना!" आणि भाकरीवर कच्चं शेंगदाण्याचं तेल ओतलं, वर ठेचा. दुसऱ्या घासाला कळलं की हे तेल वरचं नाहीच, ते जेवणातलंच आहे. मग चार भाकऱ्या झाल्या, मोजल्या मित्राने.

जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारी धरा, तेव्हा वांगी भरात असतात. ओळखीचं शेत नसेल तरी सीझनमध्ये जळगाव-भुसावळकडे भरीत किलोवर विकणारी सेंटर दिसतात, पण आधी विचारा काड्यांवर भाजलंय की गॅसवर, गॅसचं असेल तर पुढे चला. दुपारी खा, रात्री नको, आणि ठेचा पहिल्यांदा नखाएवढाच घ्या. मुलं असतील तर केळी जागोजागी मिळतात, जिभेची आग तिथेच थांबते.

मामी म्हणाल्या आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला या, खापरावरचे मांडे आणि आमरस. उन्हाचं म्हणून मी जरा कां-कूं केलं, पण मित्राने तिथेच मोबाईल काढून तिकिटं बघायला घेतली.