शिवणाच्या बाई आणि माझी लाल होडी

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा मेसेज आला, तेव्हापासून डोळ्यासमोर फक्त शिवणाच्या बाई येतायत. बाकीचे सर, गॅदरिंग, मॅचेस यावर इतर लोक लिहितीलच, मी बाईंवरच लिहिणार.

विहिरीकडच्या खोलीत शनिवारी कार्यानुभवाचा तास असायचा, मुलींना शिवण आणि मुलांना बागकाम. १९८८ साली मी सहावीत होतो आणि मला शिवायला बसायचं होतं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुझे वडील जाळी शिवतात ना? मग बस की." त्यानंतर वर्गात कुणी हसायची हिंमत केली नाही.

त्या वर्षी प्रत्येकाने एक कापडी खेळणं करायचं होतं. कुणी ससा, कुणी हत्ती. मी हर्णै बंदराचा, मी होडीच करणार. आईच्या जुन्या लाल लुगड्याचं कापड, वर्तमानपत्राचा कागदी नमुना, दोन बाजू आणि तळाला लांबट गोल तुकडा. बाईंनी साधा वर-खाली जाणारा धावदोरा चालवून घेतला नाही, कापूस दाबून भरला की तो फाकतो म्हणाल्या, सगळी उलटी टीप, प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन. मग वळणावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर छोटे कातरे मारायचे, पण टिपेला धक्का लागू द्यायचा नाही, कातरे नाही मारले तर सुलटी केल्यावर नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळ, कापड गोळा होतं. तीन बोटं जातील एवढी फट ठेवून होडी सुलटी केली आणि सावरीचा कापूस भरला, तोही चिमटी-चिमटीने, आधी नाळेच्या टोकात, मुठीने कोंबला की आत गोळे होतात. डोलकाठीला झाडूचे चार हीर कापडात गुंडाळले, शीड मांजरपाटाचं.

एवढं सगळं झालं आणि होडी उभीच राहीना! ठेवली की कलंडायची. मी रडकुंडीला आलो. घरी नेली तर बाबांनी हातात घेऊन एकदा बघितली आणि म्हणाले, "अरे, हिला नीरम कुठे आहे?" रिकाम्या गलबताच्या तळाशी दगड-वाळूचं वजन घालतात ना, ते नीरम.

पुढच्या शनिवारी घाबरत घाबरत बाईंना सांगितलं. दुसरं कुणी असतं तर खेळण्याला कसलं नीरम म्हणून उडवून लावलं असतं. बाई म्हणाल्या, "वडील बरोबर सांगतायत, हे मलाच सुचायला हवं होतं." सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या हो! अर्धं ब्लेड हातात दिलं, "उसव." स्वतः एक टाका घातला नाही, पण मधल्या सुट्टीतही शेजारी बसून राहिल्या. मूठभर चिंचोके पुरचुंडीत बांधून मी तळाशी ठेवले, वर परत कापूस, परत टीप. होडी टेबलावर ठेवली आणि ती सरळ उभी राहिली.

आज पुण्यात माझा सोफा-कुशनचा कारखाना आहे, अकरा माणसं कामाला आहेत. गोल कुशनला कातरे मारताना मी अजून बाईंचेच शब्द बोलतो. मागच्या वर्षी शाळेत येऊन गेलो, त्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत, चांगलंच आहे ते, पण शिवणाचा तास राहिला नाही ऐकून फार वाईट वाटलं. हल्ली कामाला येणाऱ्या पोरांना सुईत दोरा ओवण्यापासून शिकवावं लागतं.

होडी माझ्या ऑफिसातल्या कपाटावर आहे. लाल रंग विटून विटकरी झालाय, शीड दोनदा बदललं, तळाची टीप मात्र तीच. बाई आता मुलाकडे असतात आणि गुडघ्यांचा त्रास आहे असं कळलं. समारंभाला त्यांना आणायला गाडी लागणार असेल तर मला फोन करा, मी स्वतः जाईन. होडी सोबत आणतोय.